विश्लेषण : जाताना जड, येताना हलके… उघड्या जलतरण तलावातही प्रवाह असतो का?

तेच अंतर, तोच पोहणारा, तेवढीच मेहनत. तरीही एका दिशेने ५० मीटर जायला ६४ सेकंद लागतात आणि परत यायला ५७. उघड्या तलावात रोज पोहणाऱ्या अनेकांना हा फरक जाणवतो. ‘आज दम कमी पडला’ किंवा ‘स्ट्रोक बिघडला’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. प्रत्यक्षात चूक पोहणाऱ्याची नसून पाण्याची असू शकते. वारा, पाणी शुद्ध करणारे पंप आणि तलावातील इतर माणसे या तिघांमुळे चार भिंतींतले पाणीही वाहते. ऑलिम्पिकपर्यंत वाद पोहोचवणारा हा प्रवाह कसा तयार होतो, तो ओळखायचा कसा आणि त्याच्याशी जुळवून पोहायचे कसे, याविषयी…

तलावातील पाणी वाहते कशामुळे?

पहिले कारण वारा. वारा पाण्याच्या पृष्ठभागाला ओढत नेतो. समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात वरच्या थराचा वेग साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या दोन ते तीन टक्के असतो. म्हणजे ताशी १५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात वरचे पाणी सेकंदाला ८ ते १२ सेंटिमीटर सरकू शकते. तलावाची लांबी कमी असते, लेन वेगळ्या करणारे दोर आणि भिंती मध्ये येतात, त्यामुळे तिथे हा वेग बराच कमी राहतो. पण तो शून्य नसतो. वाऱ्याने ढकललेले पाणी समोरच्या भिंतीशी साचते आणि तळाकडून उलट दिशेने परत येते. एकाच तलावात वर एका दिशेचा आणि खाली दुसऱ्या दिशेचा प्रवाह असू शकतो, तो यामुळेच.

दुसरे कारण पंप. तलावातील पाणी सतत बाहेर काढून, गाळून, क्लोरीन मिसळून पुन्हा आत सोडले जाते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. ते सगळे सहा तासांत एकदा गाळायचे ठरवले, तर सेकंदाला सुमारे ११६ लिटर पाणी फिरवावे लागते. हे पाणी तलावाच्या संपूर्ण रुंदी-खोलीत समान पसरून पुढे सरकले, तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वादोन मिलिमीटर भरेल. म्हणजे कुणालाही न जाणवणारा. मात्र पाणी समान पसरत नाही. ते भिंतीतील किंवा तळातील इनलेटमधून जोरदार धारेने आत येते. काही इनलेट अर्धवट बुजलेले असतील किंवा सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला वळलेली असतील, तर संपूर्ण तलावात पाणी गोल फिरू लागते. मग एका बाजूच्या लेनमध्ये प्रवाह जाताना मदत करतो, तर विरुद्ध बाजूच्या लेनमध्ये येताना.

तिसरे कारण माणसे. एका लेनमध्ये पाच-सहा जण एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत असतील, तर त्यांच्या हातापायांनी मागे ढकललेले आणि शरीराबरोबर ओढले गेलेले पाणी मिळून लेनमध्ये भोवऱ्यासारखी हालचाल सुरू होते. त्यात वळताना भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा येऊन मिळतात. संध्याकाळच्या भरलेल्या बॅचमध्ये पाणी ‘खवळलेले’ वाटते ते याच कारणाने.

ऑलिम्पिकमधील वाद काय होता?

स्पर्धेच्या तलावासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. शर्यतीदरम्यान पाण्याची पातळी स्थिर हवी आणि पाण्यात लक्षात येण्याजोगी हालचाल नको. आरोग्याच्या कारणासाठी पाणी आत-बाहेर करण्याची मुभा आहे, पण त्यातून जाणवेल असा प्रवाह तयार होता कामा नये.

बार्सिलोनात २०१३ मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेनंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे जोएल स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतींतील प्रत्येक ५० मीटरच्या वेळा तपासल्या. १५०० मीटरमध्ये ३० वेळा तलावाची लांबी पार करावी लागते. तलाव निर्दोष असेल, तर विषम आणि सम क्रमांकाच्या लांब्यांमधील फरकाचा लेनशी काही संबंध असू नये. आकडे वेगळेच सांगत होते. एका बाजूच्या लेनमधील जलतरणपटू जाताना वेगवान होते, तर दुसऱ्या बाजूचे येताना. गोल फिरणाऱ्या पाण्यात नेमके असेच घडते.

२०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्येही त्यांना अशीच विसंगती आढळली. जास्त क्रमांकाच्या लेनमधील स्पर्धकांना ५० मीटर शर्यतीत फायदा झाल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. तलाव उभारणाऱ्या कंपनीने मात्र आपल्या चाचणीत प्रवाह आढळला नसल्याचे सांगितले. निकाल बदलले नाहीत, वाद मात्र राहिला.

इतका छोटा प्रवाह निकाल बदलू शकतो का?

रिओत पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेच्या अँथनी अर्विनने २१.४० सेकंदांत सुवर्ण जिंकले. फ्रान्सचा फ्लोरां मानोदू २१.४१ सेकंदांसह दुसरा आला. या वेगाने पोहणाऱ्याला सेकंदाला अवघ्या एका मिलिमीटरचा अनुकूल प्रवाह मिळाला, तरी ५० मीटरमध्ये सुमारे एक शतांश सेकंद वाचतो. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर तेवढेच होते. अर्थात, त्या शर्यतीचा निकाल प्रवाहामुळेच लागला असे यावरून म्हणता येत नाही. पण जिथे शतांश सेकंद मोजला जातो तिथे मिलिमीटरही मोजावा लागतो, एवढे नक्की.

१०० किंवा २०० मीटरमध्ये स्पर्धक गेला त्याच लेनमधून परत येतो. त्यामुळे फायदा-तोटा बराचसा फिटतो. रिओत भारताकडून उतरलेले साजन प्रकाश आणि शिवानी कटारिया दोघेही २०० मीटरच्या शर्यतींत होते. ५० मीटरला परतीचा प्रवास नसतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले तेही ५० मीटर बटरफ्लायमध्ये. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तिन्ही प्रकारांच्या ५० मीटर शर्यतींचा समावेश होत आहे. त्यामुळे तलावाच्या निर्दोषपणाचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघत नाही का?

पूर्णपणे नाही. स्थिर पाण्यात ५० मीटर ६० सेकंदांत पोहणाऱ्याचे उदाहरण घेऊ. तलावात सेकंदाला ५ सेंटिमीटरचा प्रवाह असेल, तर त्याला प्रवाहाविरुद्ध सुमारे ६३.८ सेकंद लागतील आणि प्रवाहासोबत ५६.६. दोन्हींची बेरीज होते १२०.४ सेकंद. स्थिर पाण्यात १२० सेकंद लागले असते. म्हणजे दर १०० मीटरला जवळपास अर्धा सेकंद कायमचा गेला. १५०० मीटरमध्ये हा तोटा साडेसहा सेकंदांचा होतो. कारण सोपे आहे. उलट प्रवाहात माणूस जास्त वेळ अडकतो आणि सोबतच्या प्रवाहात कमी वेळ राहतो.

सावकाश पोहणाऱ्याला हा फटका जास्त बसतो. ५० मीटरला ९० सेकंद घेणाऱ्याला त्याच प्रवाहात एका दिशेने सुमारे ९९ सेकंद लागतात आणि दुसऱ्या दिशेने ८३. नवशिक्यांना उघडा तलाव ‘एका बाजूने चढाचा’ वाटतो, तो उगाच नाही.

प्रवाह आहे हे ओळखायचे कसे?

यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. पुढील गोष्टी पाहिल्या की अंदाज येतो.

वेळा वेगवेगळ्या मोजाव्यात. सारख्या मेहनतीने ५० मीटरच्या आठ लांब्या पोहाव्यात आणि प्रत्येकीची वेळ लिहावी. चार जातानाच्या आणि चार येतानाच्या वेळांची सरासरी काढावी. थकव्यामुळे वेळ हळूहळू वाढत जाते. प्रवाहामुळे ती आलटून पालटून कमी-जास्त होते. दोन्हींतील फरक चटकन दिसतो.

स्ट्रोक मोजावेत. एका दिशेने ४४ आणि दुसऱ्या दिशेने ४९ हात लागत असतील आणि हे प्रत्येक वेळी घडत असेल, तर दोष हातांचा नाही.

पताका पाहाव्यात. बॅकस्ट्रोक पोहणाऱ्यांना भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून दोन्ही टोकांपासून ५ मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंचीवर पताकांची दोरी बांधलेली असते. त्या पताका वाऱ्याची दिशा फुकटात सांगतात.

तरंगणारे पान पाहावे. पाण्यात उतरण्यापूर्वी एखादे वाळलेले पान कुठे सरकते आणि कुठल्या कोपऱ्यात कचरा साचतो, ते मिनिटभर पाहिले तरी वरच्या पाण्याची दिशा समजते. पान न सरकता फरक जाणवत असेल, तर कारण खालच्या थरात म्हणजे बहुधा इनलेटमध्ये आहे.

दोराकडे ओढ आहे का ते पाहावे. दर वेळी एकाच ठिकाणी शरीर एका बाजूला सरकत असेल, तर तिथे आडवा प्रवाह आहे. सेकंदाला ५ सेंटिमीटरचा आडवा प्रवाह मिनिटभर टिकला, तर माणूस ३ मीटर बाजूला जाईल. स्पर्धेच्या तलावातील एक लेन अडीच मीटरची असते. तळाची काळी रेघ पाहून आपण नकळत दिशा सुधारत राहतो, म्हणून हे लक्षात येत नाही. मेहनत मात्र खर्च होते.

प्रवाहाविरुद्ध पोहताना जास्त जोर लावावा का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. संथ आणि सारखा प्रवाह शरीराला थकवत नाही. पाण्याच्या तुलनेत पोहण्याचा वेग तोच राहतो, मेहनतही तीच राहते. फक्त काठ उशिरा येतो. थकवा येतो तो घड्याळ गाठण्याच्या हट्टामुळे. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वरच्या उदाहरणातील पोहणाऱ्याला उलट प्रवाहातही ६० सेकंदच राखायचे असतील, तर पाण्याच्या तुलनेत सहा टक्के वेगाने जावे लागेल आणि त्यासाठी सुमारे १९ टक्के जास्त शक्ती लागेल. चार-पाच लांब्यांनंतर दम लागतो तो या १९ टक्क्यांमुळे.

म्हणून उघड्या तलावात एकेका लांबीची वेळ पाहू नये. जाणे-येणे मिळून १०० मीटरची वेळ धरावी आणि मेहनत दोन्ही दिशांना सारखी ठेवावी. श्वासाची लय हा त्यासाठी घड्याळापेक्षा चांगला मापक आहे. शर्यतीच्या तयारीत असलेल्यांनी आजची वेळ बंदिस्त तलावातील वेळेशी ताडून निराश होऊ नये. तुलना करायचीच असेल, तर त्याच तलावात, त्याच लेनमध्ये, दिवसाच्या त्याच वेळी करावी.

पोहण्याच्या पद्धतीत कोणते बदल करावेत?

समोरून वारा आणि लाटा असतील, तर लांब सरकण्यापेक्षा हाताची गती थोडी वाढवलेली बरी. दोन स्ट्रोकच्या मध्ये शरीर थांबले की लाट त्याला मागे ढकलते. पाठीमागून वारा असताना उलट करावे. हात पुढे लांब ठेवून सरकण्याचा पुरेपूर फायदा घ्यावा.

वारा बाजूने येत असेल, तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करून श्वास घ्यावा. तोंडात पाणी जात नाही. जाताना वारा डावीकडे असेल, तर येताना तो उजवीकडे असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय उघड्या तलावात फार उपयोगी पडते. श्वासासाठी डोके उचलू नये. डोके वर गेले की कंबर खाली जाते आणि विरोध वाढतो. शरीर थोडे जास्त कुशीवर वळवले की तेवढेच काम होते.

भिंतीला पाय लावून ढकलल्यावर लगेच वर येऊ नये. वाऱ्याच्या लाटा आणि इतरांच्या वळण्याने उठलेली खळबळ वरच्या थरात असते. हात कानांना चिकटवून, शरीर बाणासारखे ताठ ठेवून अर्धा-पाऊण मीटर खोलीवरून पुढे गेले, तर तो पट्टा सहज पार होतो.

बॅकस्ट्रोकची गोष्ट वेगळी. बंदिस्त तलावात छताच्या रेषा पाहून सरळ जाता येते. उघड्या तलावात वर फक्त आकाश आणि ऊन. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये नियोजित छत न झाल्याने मुख्य तलाव उघडाच राहिला होता. तिथे नामांकित स्पर्धकांनाही छताविना पोहावे लागले. अशा वेळी नजरेच्या कडेने लेनचा दोर पाहावा, गडद काचेचा गॉगल वापरावा आणि पताकांपासून भिंतीपर्यंत किती हात लागतात ते दोन्ही टोकांना वेगवेगळे मोजून ठेवावे. प्रवाह असेल, तर हे आकडे सारखे येत नाहीत. तसे न केल्यास डोके भिंतीवर आपटण्याची भीती असते.

कोणती वेळ आणि कोणती लेन निवडावी?

महाराष्ट्रात सूर्योदयाच्या सुमारास वारा सहसा मंद असतो. ऊन तापले की तो वाढतो. किनारपट्टीवर दुपारनंतर समुद्राकडून वारे सुरू होतात, तर घाटमाथ्यालगतच्या शहरांत मे-जूनमध्ये दुपारी आणि संध्याकाळी पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. वेळ लावून पोहायचे असेल, तर सकाळची पहिली बॅच उत्तम. समुद्रातील स्पर्धांची तयारी करणाऱ्यांनी मात्र आठवड्यातून एक-दोनदा मुद्दाम वाऱ्याची वेळ निवडायला हरकत नाही.

भिंतीलगतच्या लेनमध्ये परतणाऱ्या लाटा आणि बाजूच्या इनलेटच्या धारा जास्त जाणवतात. मधल्या लेन त्यामानाने शांत असतात. दोर नीट ताणलेले आणि चकत्यांचे असतील, तर फरक आणखी पडतो. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमधील बॅकस्ट्रोक विजेते अडॉल्फ कीफर यांनी १९६०च्या दशकात लाटा शोषणारे दोर विकसित केले. आज मोठ्या स्पर्धांत दिसणारे चकत्यांचे दोर त्याच कल्पनेवर चालतात. दोर सैल असेल किंवा निम्म्या चकत्या तुटलेल्या असतील, तर शेजारच्या लेनची लाट थेट अंगावर येते.

गर्दीच्या लेनमध्ये पुढच्या पोहणाऱ्याच्या पायामागे अगदी जवळ राहिले, तर विरोध कमी लागतो आणि वेळ चांगली दिसते. पण ती वेळ आपली नसते. पुढच्याने भिंत सोडल्यावर पाच ते दहा सेकंदांनी निघावे. शेजारच्या लेनची फिरण्याची दिशा एकमेकींच्या उलट ठेवली, तर सामाईक दोराच्या दोन्ही बाजूंचे पोहणारे एकाच दिशेने जातात आणि हात एकमेकांवर आपटत नाहीत.

धोका कुठे असतो?

वरचा प्रवाह फक्त वेळ खातो. तळातील प्रवाह जीव घेऊ शकतो. पाणी बाहेर खेचणाऱ्या जाळीवर एखाद्याचे अंग पूर्ण टेकले, तर ओढ इतकी असते की माणूस स्वतःहून सुटू शकत नाही. मोकळे केस, सैल कपडे किंवा दागिने जाळीत अडकू शकतात. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅमी बेकर २००२ मध्ये गरम पाण्याच्या छोट्या तलावात अशाच ओढीत अडकून दगावली. तिच्या नावाने २००७ मध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या बसवणे बंधनकारक झाले. तळाची जाळी तुटलेली, सैल किंवा गायब दिसली, तर त्या तलावात उतरू नये. जीवरक्षकाला तातडीने सांगावे. लांब केसांसाठी टोपी हवीच. तळाच्या जाळीवर बसण्याचे खेळ मुलांना खेळू देऊ नयेत.

वळवाच्या दिवसांत वाऱ्याचा जोर अचानक वाढणे ही वादळाची खूण असू शकते. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून लगेच बाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परत उतरू नये. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर परिसरातील विजांची पूर्वसूचना मिळते.

तलावाचे व्यवस्थापन काय करू शकते?

प्रवाह नको म्हणून बॅचच्या वेळी पंप बंद ठेवणे हा उपाय नाही. गर्दीच्या वेळीच पाणी गाळण्याची आणि क्लोरीन सगळीकडे पोहोचण्याची सर्वाधिक गरज असते. उपाय आहे तो इनलेटचा समतोल राखण्याचा. पाण्यात रंग सोडून तो कसा पसरतो ते पाहण्याची चाचणी तलाव-अभियंते वापरतात. कुठे पाणी साचते, कुठे जोराने येते आणि ते गोल फिरते का, हे त्यात डोळ्यांनी दिसते. त्यानुसार इनलेटची तोंडे वळवता येतात, बुजलेली साफ करता येतात.

नियमित येणाऱ्यांनी आठ लांब्यांच्या वेळा, लेनचा क्रमांक आणि वाऱ्याची दिशा दोन-तीन आठवडे लिहून ठेवली, तर ती नोंद व्यवस्थापनाला दाखवता येते. वारा बदलला तरी एकाच लेनमध्ये तोच फरक कायम राहत असेल, तर तपासणी पंप आणि इनलेटपासून सुरू करायला हवी.